इंग्रजीतला 'आर' : कोण उच्चारतो, कोण गिळतो आणि नवख्याने काय करावे

मराठी माणसाकडे इंग्रजी शब्द येतात ते बहुधा देवनागरीच्या वाटेने. 'कार', 'पार्क', 'डॉक्टर', 'नंबर' हे शब्द आपण मराठी वाक्यांत लहानपणापासून वापरत असतो, आणि लिहिलेला प्रत्येक र पुरता उच्चारायचा हा आपल्या लिपीचा शिरस्ता असल्यामुळे तोच इंग्रजी बोलतानाही पाळतो. पुढे शिक्षणासाठी लीड्सला, नोकरीसाठी सिडनीला किंवा मुलीकडे न्यू जर्सीला जाण्याची वेळ आली, की एकाच शब्दाचे तीन-चार उच्चार ऐकू येतात आणि त्यांतला बरोबर कोणता, असा प्रश्न पडतो. तो प्रश्न सोडून दिलेला बरा, कारण ते सगळेच आपापल्या जागी बरोबर असतात. नवख्याने विचारायचे प्रश्न दोन आहेत : समोरचा माणूस र कोणत्या जागी उच्चारतो, आणि उच्चारतो तेव्हा त्याची जीभ काय करते. या दोहोंची सरमिसळ झाली की गोंधळ होतो, म्हणून पुढील पायऱ्यांत पहिला प्रश्न आधी घेतला आहे आणि जिभेचा नंतर. लांबवलेला स्वर दाखवण्यासाठी अवग्रहचिन्ह वापरले आहे. 'काऽ' म्हणजे र गेलेला, लांब आ उरलेला 'कार'.

पायरी 1 : र नंतर काय येते, ते आधी पाहावे

र नंतर स्वर येत असेल, तर तो र जगातले सर्व इंग्रजी भाषक उच्चारतात. 'रेड', 'व्हेरी', 'ब्रेड', 'स्ट्रीट' यांतला र कोणीही गाळत नाही. फरक पडतो तो र नंतर व्यंजन येते किंवा बोलणे तेथेच थांबते अशा ठिकाणी. आपल्या लिपीने ही वाटणी नकळत सोपी करून ठेवलेली आहे. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिल्यावर जो र रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो, आणि जो शब्दाच्या अगदी शेवटी येतो, तेवढे दोनच र वादातले. 'ब्र', 'ट्र', 'रे', 'री' यांतले बाकीचे र सर्वत्र शाबूत राहतात.

वादाच्या या दोन जागांवर र उच्चारणाऱ्यांत अमेरिकेचा व कॅनडाचा बहुतेक भाग, आयर्लंड आणि स्कॉटलंड येतात. इंग्लंडचा बहुतेक भाग, वेल्सचा बराचसा भाग, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका येथे तो सहसा उच्चारला जात नाही. क्रिकेटचे इंग्रजी समालोचन ऐकणाऱ्याला ही विभागणी घरबसल्या तपासता येते. 'यॉर्कर' या एका शब्दात दोन्ही प्रकारचे र आहेत, एक रफाराचा आणि एक शेवटचा. सिडनीचा किंवा लंडनचा समालोचक या शब्दाला 'यॉऽकअ' म्हणतो. दोन्ही र जातात आणि पहिल्याच्या जागी लांब ऑ तेवढा उरतो. डब्लिनचा समालोचक दोन्ही र ठेवतो. 'फोर', 'ओव्हर', 'थर्ड मॅन', 'शॉर्ट लेग' हे शब्द प्रत्येक सामन्यात पुन्हा पुन्हा येतात, तेव्हा त्यांवर लक्ष ठेवल्यास एका डावात कान बऱ्यापैकी तयार होतो.

पायरी 2 : पुढच्या शब्दाचा आरंभ ऐकावा

वरचा नियम शब्दाला लावून भागत नाही, तो बोलण्याच्या ओघाला लावावा लागतो. इंग्लंडमधल्या माणसाने 'तेंडुलकर' हे नाव वाक्याच्या शेवटी घेतले, तर ते 'टेंडुल्काऽ' असे ऐकू येते. 'तेंडुलकर बॅट्स' असे म्हटले तरी र नाहीच, कारण पुढे ब आहे. पण 'तेंडुलकर इज आउट' म्हणताना तोच माणूस 'टेंडुल्कारिझाउट' म्हणतो आणि हरवलेला र अचानक परत येतो, कारण आता त्याच्यापुढे 'इज'चा स्वर आहे. गावस्कर, वेंगसरकर, आगरकर अशी आपली बरीच आडनावे र वर संपत असल्यामुळे जुन्या सामन्यांच्या ध्वनिमुद्रणांत हा खेळ मनसोक्त ऐकायला मिळतो. शब्दाशब्दांना जोडणारा हा र ज्याच्या ध्यानात आला नाही, त्याला 'फाऽ' आणि 'फारअवे' हे दोन वेगळेच शब्द वाटतात. वास्तविक दोन्हींत 'फार' म्हणजे लांब हाच शब्द असतो.

सवय अशी की ती नको तेथेही हात घालते. 'लॉ अँड ऑर्डर' या शब्दप्रयोगात 'लॉ'च्या शेवटी र कधीच नव्हता. तरीही इंग्लंडमध्ये तो सर्रास 'लॉरअँड ऑऽडअ' असा उच्चारला जातो. 'आयडिया ऑफ' याचे 'आयडियरऑफ' होते. बोलणाऱ्याला यात काही खटकत नाही, कारण त्याच्या दृष्टीने 'लॉ' आणि 'फोर' हे सारख्याच आवाजावर संपणारे शब्द असतात आणि एकाला लागतो तो जोड दुसऱ्यालाही लागतो. बॉस्टनच्या परिसरात जन्मलेले अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या 1962 च्या क्यूबासंबंधीच्या भाषणात 'क्यूबर' असा उच्चार ऐकू येतो, त्याचे मूळ याच सवयीत आहे.

बॉस्टनचीच आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. तेथील बोलीची नक्कल करताना लोक 'पार्क द कार इन हार्वर्ड यार्ड' हे वाक्य 'पाऽक द काऽ इन हाऽवड याऽड' असे म्हणून दाखवतात. यातला 'काऽ इन' हा तुकडा चुकीचा आहे. पुढे 'इन'चा स्वर असल्यामुळे खरा बॉस्टनकर तेथे 'कारिन' असेच म्हणेल. नक्कल करणाऱ्याने र गाळण्याचा नियम उचलला, तो परत आणण्याचा मात्र उचलला नाही.

पायरी 3 : नकाशा पाठ करू नये, त्यामागचे कारण समजून घ्यावे

एके काळी सगळ्या इंग्लंडमध्ये प्रत्येक र उच्चारला जात होता, आणि स्पेलिंगमध्ये तो आजही असण्याचे कारण तेच आहे. अठराव्या शतकात लंडन व आग्नेय इंग्लंडमध्ये तो विरत गेला. जॉन वॉकर यांनी 1791 मध्ये प्रसिद्ध केलेल्या उच्चारकोशात लंडनचा र मऊ आणि आयर्लंडचा खरखरीत असा फरक सांगून, लंडनच्या बोलण्यात तो जवळजवळ लांबवलेल्या आ पुरताच उरल्याची नोंद केली आहे. उत्तर अमेरिकेतल्या बऱ्याच वसाहती त्याआधीच वसलेल्या होत्या, म्हणून तेथे जुना र टिकला. शिवाय अमेरिकेच्या आतल्या प्रदेशात स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडहून आलेल्यांचा मोठा भरणा होता आणि ते र सोडणारे नव्हते. बॉस्टन, न्यू यॉर्क, रिचमंड, चार्ल्स्टन या शहरांचा लंडनशी व्यापार आणि घरोबा होता; त्यांनी नवी लकब उचलली. फिलाडेल्फियाने मात्र ती घेतली नाही. सिडनीची वसाहत 1788 ची, म्हणजे लंडनचा र ओसरत असतानाची, त्यामुळे ऑस्ट्रेलियाकडे तो फारसा पोहोचलाच नाही.

हे कारण कळले की अपवाद कोड्यात टाकत नाहीत. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, इन्व्हरकार्गिलच्या आसपास, जुन्या लोकांच्या तोंडी र स्पष्ट ऐकू येतो, कारण तो भाग स्कॉटिश वसाहतवाल्यांनी वसवला. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन आणि सॉमरसेटकडे, र लंडनच्या लाटेतून वाचला. चित्रपटांतले समुद्री चाचे जो रेलून र म्हणतात तो याच भागातला. लँकेशरमधील ब्लॅकबर्नच्या परिसरातही तो काही लोकांच्या बोलण्यात शिल्लक आहे. वेस्ट इंडीज म्हणून आपण ज्यांना एकत्र मोजतो त्यांच्यात बार्बेडोसचे लोक र ठासून उच्चारतात, तर त्रिनिदादचे तो सोडतात. तेव्हा माणसाच्या देशावरून त्याच्या र चा अंदाज बांधावा, पण तो अंदाज दोन वाक्ये ऐकून तपासून घ्यावा.

पायरी 4 : र ची प्रतिष्ठा त्या त्या गावची असते, हे ध्यानात ठेवावे

र उच्चारणे शुद्ध आणि गाळणे गावंढळ, किंवा याच्या नेमके उलट, असे कोणी सांगू लागल्यास ते कोणत्या गावाविषयी बोलत आहेत, हे विचारावे. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी 1962 मध्ये न्यू यॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत केलेली पाहणी यासाठी सांगण्यासारखी आहे. सॅक्स हे उंची दुकान, मेसीज मध्यमवर्गाचे आणि क्लाइन स्वस्ताईचे. लबॉव्ह गिऱ्हाईक म्हणून जात आणि चौथ्या मजल्यावर मिळणारी एखादी वस्तू कोठे आहे, असे विक्रेत्याला विचारीत. उत्तर अर्थातच 'फोर्थ फ्लोअर' असे येई, म्हणजे एका दमात रफाराचा र आणि शेवटचा र दोन्ही हाती लागत. मग ऐकू न आल्यासारखे करून ते पुन्हा विचारीत, आणि विक्रेता तेच शब्द अधिक जपून म्हणत असे. अशा 264 जणांपैकी निदान काही र उच्चारणारे सॅक्समध्ये सुमारे 62 टक्के, मेसीजमध्ये 51 टक्के आणि क्लाइनमध्ये 20 टक्के निघाले. मेसीजच्या विक्रेत्यांचा र दुसऱ्या वेळी ठळकपणे वाढला. आपण जे बोलतो आणि जे बोलायला हवे असे आपल्याला वाटते, त्यांतले अंतर तेवढ्या एका पुनरुच्चारात उघडे पडले.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत न्यू यॉर्कमध्येही र गाळणे हेच खानदानी समजले जात होते, पुढे वारे फिरले. इंग्लंडमध्ये आजही पुष्कळांना रफार ठेवून बोलणारा खेडवळ वाटतो. ग्लासगोत तर एकाच शहरात कष्टकरी वस्तीतल्या तरुणांचा र विरत चालला आहे आणि मध्यमवर्गाचा टिकून आहे. आपल्यासारख्या बाहेरून आलेल्याच्या र वरून त्याची पायरी कोणी ठरवत नाही, हा आपला फायदाच समजावा.

पायरी 5 : जिभेची जागा शोधावी

आपला मराठी र म्हणजे जिभेच्या शेंड्याने वरच्या दातांमागच्या हिरड्यांवर मारलेली एक हलकी टिचकी. जोर दिला तर दोन-तीन. लंडन, सिडनी वा शिकागो येथील नेहमीच्या र मध्ये जीभ कोठेही टेकत नाही, ती टाळूच्या जवळ जाऊन तेथेच थांबते. हा र साधण्यासाठी मराठी माणसाला परके काही शिकावे लागत नाही. 'अडा' म्हणण्यासाठी जिभेचा शेंडा जसा वर आणि किंचित मागे वळतो तसा वळवावा, पण टाळूला लागायच्या आधी थांबवावा. जिभेच्या कडा वरच्या दाढांना आतून लागू द्याव्यात, ओठ जरासे गोल करावेत आणि आवाज सोडावा. जमले की नाही, याची कसोटी सोपी आहे. तो आवाज श्वास पुरेल तोवर अखंड, न थरथरता लांबवता आला पाहिजे. मराठी र असा लांबवता येत नाही, लांबवू गेल्यास त्याचा 'र्र्र्' होतो.

बरेच अमेरिकन शेंडा वळवतच नाहीत. ते शेंडा खाली ठेवून जिभेचा मधला भाग टाळूकडे उंचावतात, आणि तरीही कानाला दोन्ही र सारखेच वाटतात. क्ष-किरण चित्रफिती घेऊन 1968 मध्ये झालेल्या अभ्यासात अशा अनेक तऱ्हा दिसून आल्या. म्हणून कोणी शिक्षक एकच पद्धत खरी म्हणून सांगत असेल, तर ती जमत नसल्यास दुसरी करून पाहावी. ज्यांना ळ आणि ड जन्मतः येतात, त्यांनी शेंडा वळवण्याच्या पद्धतीने सुरुवात करावी, असे मला वाटते.

ही मेहनत खरोखर कोठे उपयोगी पडते, ते एका उदाहरणाने दाखवतो. अमेरिकन माणूस 'वॉटर', 'बेटर' यांतला ट दोन स्वरांमध्ये सापडल्यावर असा हलका उच्चारतो, की त्याची जीभ नेमकी आपल्या र सारखी टिचकी मारते. परिणामी आपण मराठी र ने 'बेरी' म्हटले, तर त्याला 'बेटी' हे बाईचे नाव ऐकू येण्याचा संभव असतो. दोन स्वरांमधला र हीच अमेरिकेत सुधारण्याची पहिली जागा. 'व्हेरी', 'सॉरी', 'मॅरेज', 'अराइव्ह' हे शब्द जीभ न टेकवता म्हणण्याचा सराव करावा. इंग्लंडमध्ये त्याची एवढी निकड नाही, कारण जुन्या पिढीतले सुशिक्षित इंग्रजही 'व्हेरी'मध्ये टिचकीचा र वापरीत असत. लिव्हरपूलमध्ये तो अजून ऐकू येतो, आणि स्कॉटलंडमध्ये तर आपला र घरचाच वाटतो.

ट आणि ड यांना जोडून येणारा र वेगळा ऐकावा लागतो. 'ट्रेन', 'ट्री' हे शब्द इंग्रजी भाषकांच्या तोंडून पुष्कळदा 'च्रेन', 'च्री' असे निघतात आणि 'ड्राय'चे 'ज्राय' होते. हे ओळखता आले म्हणजे पुरे, तसे बोलण्याची गरज नाही. इंग्लंडच्या ईशान्येला नॉर्थंबरलंडमध्ये पडजिभेजवळून काढलेला एक घोगरा र होता, आणि इंग्रज लेखक डॅनियल डीफो यांनी 1720 च्या दशकातल्या प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख केलेला आहे. आता तो काही वृद्धांपुरता उरला असल्याने नवख्याला भेटण्याची शक्यता फार थोडी.

पायरी 6 : र च्या आधीच्या स्वराकडे वळावे

र जातो तेव्हा तो मागे स्वरावर खूण ठेवून जातो, आणि ऐकताना खरी फसगत होते ती येथे. 'बर्ड'मध्ये आपण अ म्हणतो आणि मग र म्हणतो. अमेरिकन माणूस तेथे दोन आवाज काढत नाही. ब नंतर त्याची जीभ एकदम र च्या जागी जाते आणि ड येईपर्यंत तेथेच राहते. लंडनचा माणूस 'बऽड' म्हणतो, आणि 'बड' म्हणजे कळी यापासून पक्षी वेगळा ओळखायचा तो मुख्यतः स्वराच्या लांबीवरून. ऑस्ट्रेलियात 'कट' आणि 'कार्ट' यांत जवळजवळ लांबीचाच फरक राहतो. मराठीत शब्दाच्या मधल्या अ ची लांबी अर्थ बदलत नसल्यामुळे आपला कान या बाबतीत सैल असतो. म्हणून 'बड' आणि 'बऽड', 'हट' आणि 'हऽट', 'कट' आणि 'काऽट' अशा जोड्या ध्वनिमुद्रण ऐकून पारखाव्यात.

'वर्क' आणि 'वॉक' ही जोडी सर्वांत जास्त घोटाळे करते, कारण लंडनमध्ये ते 'वऽक' आणि 'वॉऽक' असतात. यांतला फरक मुख्यतः तोंडाच्या गोलाईचा. 'कोर्ट' आणि 'कॉट' म्हणजे पकडला, 'सोर्स' आणि 'सॉस' या जोड्या तर इंग्लंडमध्ये बहुतेकांच्या बोलण्यात तंतोतंत एक झालेल्या आहेत, त्या वाक्याच्या संदर्भानेच सोडवाव्या लागतात. उलट स्कॉटलंडमध्ये 'फर', 'फर्न' आणि देवदार जातीच्या झाडाचे नाव 'फिर' यांतले तिन्ही स्वर अनेकांच्या तोंडी अजून निराळे आहेत. जाता जाता 'आयर्न' हा शब्दही पाहून ठेवावा. त्याच्या स्पेलिंगवर विसंबून काही लोक 'आयरन' म्हणतात, पण र उच्चारणारे अमेरिकनसुद्धा तो न च्या आधी घेऊन 'आयर्न' म्हणतात आणि इंग्रज केवळ 'आयन'.

पायरी 7 : एक वाट धरावी आणि तिच्यावर राहावे

ज्या देशात राहायचे तेथील र ची वाट धरावी, हा सरळ सल्ला आहे. पण माझ्या मते भारतातून जाणाऱ्याने र गाळायला शिकण्याची खटपट करू नये. रफार ठेवून बोललेले इंग्रजी लंडनमध्ये विनासायास समजते, कारण स्कॉटिश, आयरिश आणि अमेरिकन माणसे तेथे रोज कानावर पडत असतात. र अर्धवट गाळणारा मात्र 'पाऽक'मध्ये गाळतो, 'पार्किंग'मध्ये ठेवतो आणि 'कार इज'मध्ये जोडायला विसरतो. ऐकणाऱ्याला याचाच त्रास अधिक. आपला र ठेवावा, टिचकीचा जोर कमी करावा आणि शब्दाच्या शेवटी तो घोळवू नये, एवढे पुरते.

सरावासाठी केंब्रिजचा ऑनलाइन शब्दकोश सोयीचा आहे. त्यात प्रत्येक शब्दाचे ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन उच्चार ऐकता येतात. ब्रिटिश उच्चाराच्या शेवटी आर हे अक्षर बारीक आणि वर चढवून छापलेले दिसले, तर पुढे स्वर आला तरच तो र उच्चारायचा, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या काही ग्रंथांत उलटे काढलेले आर दिसते. जीभ न टेकवता काढलेल्या र चे ते ध्वनिशास्त्रीय चिन्ह आहे. रोज पाच-सहा शब्द दोन्ही उच्चारांत ऐकावेत, आपला आवाज फोनवर मुद्रित करून त्यांच्या शेजारी ठेवून पाहावा, आणि सुट्या शब्दांवर न थांबता 'फोर ओव्हर्स', 'कार ऑर बस' यांसारखे दोन-तीन शब्दांचे तुकडे घ्यावेत, कारण र चे येणे-जाणे तुकड्यांतच कळते.

फोनवर नाव-पत्ता लिहून घेण्याची वेळ आल्यास एक गोष्ट आधी ठाऊक असलेली बरी. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात या अक्षराचे नाव 'आर' नसून 'आऽ' असे ऐकू येते, आणि आयर्लंडमध्ये अनेकजण त्याला 'ओर' म्हणतात. इंग्रजी वर्णमालेत 'आऽ' अशा नावाचे दुसरे अक्षर नाही, म्हणून स्पेलिंग सांगताना नुसते 'आऽ' आले की निःशंकपणे आर लिहावे. शंका वाटल्यास 'आर फॉर रोमियो?' असे विचारावे. स्वतःचे आडनाव सांगताना मात्र त्यांच्या पद्धतीने 'पाटकाऽ' म्हणू नये, नाहीतर समोरचा शेवटचे आर वगळून लिहून घेतो आणि मग बँकेपासून विमानतळापर्यंत सगळे कागद दुरुस्त करत बसावे लागते. 'पाटकर' असे र सकट म्हणावे आणि शेवटची तीन अक्षरे, के, ए, आर, एकेक करून सांगावीत.